खेळ येत नाही, तरी कोच होता येईल?

प्रश्न : मी शाळेत भूगोल शिकवतो. आमचे पीटीचे सर रिटायर झाले, जागा काही भरली नाही आणि हेडसरांनी ॲथलेटिक्सची पोरं माझ्या गळ्यात घातली. मी जन्मात कधी शर्यत पळालेलो नाही. जुन्या सरांची उभी हयात त्या ग्राउंडवर गेली, त्यांच्या जागी मी शिट्टी घेऊन उभा राहिलो की मलाच कसंतरी होतं. सरळ नाही म्हणू का?

उत्तर : अहो सर, एवढ्यात नका नाही म्हणू. तुमच्यासारखाच एक भूगोलाचा मास्तर आहे, ब्रदर कॉलम ओकॉनेल. मूळचे आयर्लंडचे, १९७६ साली केनियातल्या इटेन नावाच्या लहानशा गावात सेंट पॅट्रिक्स शाळेत शिकवायला गेले, तेही थोड्या दिवसांसाठी म्हणून, आणि तिथलेच होऊन गेले. ॲथलेटिक्सचं ट्रेनिंग म्हणाल तर शून्य! तिथे आधीपासून पीटर फॉस्टर नावाचा तरुण पोरांना पळवत होता, हे त्याच्या हाताखाली मदतीला राहिले, तो परत गेला आणि सगळं यांच्याकडे आलं. बघत बघत शिकले हो. पोरगं वळणावर खांदे आवळतंय का, पाय कुठे पडतोय, कालच्यापेक्षा आज मरगळलंय का, हे बघायला डिग्री लागत नाही, रोज तिथे असावं लागतं.

त्याच शाळेचा पीटर रोनो १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं गोल्ड घेऊन आला, १९९२ ला बार्सिलोनात मॅथ्यू बिरिरने स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, मारली. पुढे डेव्हिड रुडिशा या ओकॉनेल यांच्याकडेच घडला, लंडन २०१२ ला ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत, वर्ल्ड रेकॉर्ड! आणि हा रुडिशा आधी डेकॅथलॉन (दहा प्रकारांची एकच स्पर्धा), ४०० मीटर असं काय काय करत होता, म्हणून सांगतो, सातवी-आठवीच्या पोराला "तू फक्त लाँग जंपवाला" असा शिक्का मारू नका, सगळं करू द्या, आणि रोज दमेस्तोवर पळवू नका, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या. गुडघा किंवा टाच दुखते म्हणालं तर "नाटकं करतो" म्हणायचं नाही, वाढत्या वयात तिथे खरंच दुखतं, थांबवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आणि जुन्या सरांना बोलवा की ग्राउंडवर! रिटायर झालेला कोच घरी बसून काय करतो हे त्यांच्या घरच्यांना विचारा.

प्रश्न : मी शाळेत पोरींना ॲथलेटिक्स शिकवते. पोरगी जरा चमकायला लागली की मोठ्या शहरातला कोच उचलून नेतो, पेपरात नाव त्याचं. पंधरा वर्षं हेच चाललंय, आता वैताग आलाय.

उत्तर : वैताग येणारच, त्यात लपवण्यासारखं काही नाही मॅडम. पण अडवू नका. रोनोसुद्धा सोलला गेला तेव्हा अमेरिकेतल्या कॉलेजात शिकत होता. एक मात्र करा, तिचे सगळे टायमिंग, कधी काय दुखलं, कोणता व्यायाम मानवला नाही, हे एका वहीत लिहून तिच्याबरोबर द्या आणि नव्या कोचला स्वतः फोन लावा. नवा माणूस पहिल्याच महिन्यात लोड वाढवतो आणि जुनी दुखापत डोकं वर काढते, हे फार वेळा होतं. पेपरवाल्यांचं म्हणाल तर शाळेचं नाव घालून बातमी तुम्हीच पाठवा, लाजताय कशाला!