वाचकांच्या तांत्रिक शंका : हार्ड डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणते

प्रश्न : माझ्या काकांनी झाडीपट्टीतील गावोगावी फिरून दंडार या लोकनाट्याचे प्रयोग चित्रित केले होते. ते सारे एक टेराबाइटच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहे आणि दुसरी प्रत कोठेही नाही. उन्हाळाभर ती डिस्क कूलरशेजारच्या टेबलावर होती. आता ती जोडली की फोल्डर उघडायला पाच-सात मिनिटे लागतात आणि मध्येच संगणक ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असे विचारतो. भाचा म्हणतो, विंडोजमधील चेकडिस्क चालवून पाहू. चालवावे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : कृपया चालवू नका, आणि फॉरमॅटच्या प्रश्नालाही होकार देऊ नका. चेकडिस्कचे दुरुस्तीचे काम म्हणजे फाइलींच्या नोंदवहीचा मेळ घालणे. त्यासाठी ते त्याच डिस्कवर लिहिते आणि जुळत नसलेल्या नोंदी काढून टाकते. वीज गेल्यामुळे धडधाकट डिस्कवर झालेला घोळ त्याने निस्तरतो. पण डिस्कलाच वाचणे जड जात असेल, तर काकांच्या चित्रफितींचा उरलासुरला पत्ताही त्यात पुसला जाण्याची भीती असते.

आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहा, कारण सैल केबलमुळेही डिस्क अशीच अडखळते. तेवढ्याने भागले नाही, तर डिस्क टेबलावर ठेवूनच कान जवळ न्या. एकसारखी मंद घरघर ऐकू येत असेल तर अजून वाव आहे. ठरावीक अंतराने ‘टक… टक… टक’ असा आवाज येऊन डिस्क थांबत असेल, तर त्याच क्षणी ती बंद करा आणि पुन्हा जोडू नका. आत तबकडी मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेत असते आणि वाचणारे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगते. ते टेकले की तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडला जातो, आणि खरवडलेला भाग कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही.

टकटक नसेल, तर दुरुस्तीच्या आधी संपूर्ण डिस्कची प्रत, म्हणजे इमेज, काढावी. विंडोजमध्ये फोल्डर ओढून कॉपी करण्याचा मोह टाळा, कारण विंडोज एका खराब जागेवर अडून राहते आणि डिस्कचे उरलेले आयुष्य तिथेच खर्ची पडते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी संगणक चालवणारी प्रणाली) सुरू करून ‘डीडीरेस्क्यू’ (ddrescue) ही मोफत प्रणाली वापरावी. ती सहज वाचता येणारा भाग आधी उचलते, अवघड जागा वगळून पुढे जाते आणि काय मिळाले, काय राहिले याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवते. त्यामुळे मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येते. प्रत घेण्यासाठी दोन टेराबाइटची नवी डिस्क घ्या. इथे एकच चूक जीवघेणी ठरते : मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची नावे उलटी टाकली, तर रिकामी डिस्क काकांच्या डिस्कवर उतरते. म्हणून जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसबीएलके’ (lsblk) आज्ञेने दोन्हींचा आकार पाहून नावे कागदावर लिहून घ्या आणि भाच्याकडून ती पुन्हा ताडून घ्या.

हे काम काही तासांत आटपेल किंवा कित्येक दिवसही चालेल. आपल्याकडे दुपारी खोलीच इतकी तापते की ते रात्री केलेले बरे. डिस्कवर कूलरचा ओलसर वारा नको, साधा टेबल फॅन लावा. तुमची डिस्क कूलरमुळेच बिघडली असे मात्र मी म्हणणार नाही. लॅपटॉपवर काम केल्यास वीज गेली तरी त्याची बॅटरी सांभाळून घेते. तो झोपी जाण्याची सेटिंग आठवणीने बंद करा. पुढे टेस्टडिस्क किंवा फोटोरेक अशी हरवलेला मजकूर शोधणारी जी काही प्रणाली चालवायची, ती त्या प्रतीवरच. फोटोरेक चित्रफिती शोधून देते, पण फाइलींची मूळ नावे देत नाही; कोणता प्रयोग कोणत्या गावचा, हे तुम्हाला पाहून ठरवावे लागेल.

टकटक असेल, तर डिस्क दुरुस्तीला देण्याआधी सीताबर्डीतच काय, कोठेही दोन प्रश्न स्पष्ट विचारा : डिस्क उघडणार का, आणि उघडली तर धूळविरहित कक्षात का? साध्या टेबलावर उघडणाऱ्याकडून ती परत घ्या. ‘नुसते सर्किट बदलून देतो’ यावरही भुलू नका. त्या बोर्डावरील चिपमध्ये त्याच डिस्कची खास माहिती असते आणि काही पोर्टेबल डिस्कवर मजकूर त्या बोर्डाशी जोडलेल्या सांकेतिक कुलपात (एन्क्रिप्शन) असतो.

प्रश्न : बंद पडलेली हार्ड डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की चालू होते, हे खरे आहे का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ठेवू नका. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असते. थंडगार डिस्क आपल्या उकाड्यात बाहेर काढली की बर्फाच्या पाण्याच्या पेल्यावर धरतो तसा दव तिच्यावर धरतो, आणि तो तबकडीवर असताना डिस्क फिरवली तर हेड ओल्या पृष्ठभागावर आदळते. दुरुस्तीला देईपर्यंत ती कोरड्या डब्यात ठेवा आणि वर ‘जोडू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा, म्हणजे घरातले दुसरे कोणी सहज म्हणून ती लावून पाहणार नाही.