‘तो मारत नाही, मग तक्रार कशाची करू?’

पत्र (ओळख पटेल असं सगळं काढून, थोडक्यात):

ताई, नवऱ्यासोबत हॉलमध्ये बसून ‘क्रिमिनल जस्टिस: बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’ बघत होते. तो मध्येच म्हणाला, नवराच आहे ना तिचा, एवढं काय त्यात. मी भाजी गरम करायच्या निमित्ताने उठले आणि ओट्यापाशी रडले. माझा नवरा मारत नाही. सोसायटीत सगळ्यांच्या मदतीला धावतो, शेजारच्या काकू म्हणतात नशीब काढलंस. पण माझं एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असतं, फोन रोज चेक होतो, आणि रात्री मी नको म्हटलेलं चालत नाही. तो झोपावा म्हणून साडेबारापर्यंत कपड्यांच्या घड्या घालत बसते, तरी तो जागा असतो. सकाळी गरम जिलबी आणतो. आई म्हणते लग्नात हे चालायचंच. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर, मुलगी सहावीत. याला छळ म्हणायचं का? त्याच्याशी एकदा नीट बोलून बघू का? आणि परवा सुरी धुताना मनात जे आलं त्याची मला फार भीती वाटतेय.

उत्तर:

अगं, हो. हा छळच आहे, आणि तू वेडी नाहीयेस, उगाच बाऊ पण करत नाहीयेस.

त्या सिरीजमधला बिक्रम चंद्रा आठव. मुंबईतला नावाजलेला वकील, सगळ्यांशी गोड, घरी सगळं छान, आणि एका रात्री बायको अनू त्याला बेडरूममध्ये सुरी मारते आणि सगळं जग विचारायला लागतं की एवढ्या भल्या माणसाला हिने असं का केलं. आणि दार लागल्यावर नवरा तिच्यावर काय जबरदस्ती करायचा त्याबद्दल अनू गप्प. कीर्ती कुल्हारीने ते गप्प राहणं इतकं खरं केलंय की बघताना जीव गुदमरतो, कारण सांगितलं तरी खरं कोण मानणार हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं. तुला ओट्यापाशी रडू आलं ते म्हणूनच असणार, तुझी पण तीच अडचण आहे, शेजारच्या काकूंना जिलबी आणणारा माणूस दिसतो, साडेबाराला घड्या घालणारी बाई कुणाला दिसत नाही.

आता एक कडू गोष्ट, ती लपवणार नाही. या सिरीजची गोष्ट मुळात बीबीसीची, २००९ सालची, इंग्लंडमधली. तिथे नवऱ्याने बायकोवर केलेली जबरदस्ती १९९१ पासून बलात्कारच धरली जाते. २०२० मध्ये तीच गोष्ट मुंबईत आली पण कायदा काही सोबत आला नाही. आपल्याकडे जुन्या आयपीसीतला, म्हणजे भारतीय दंड संहितेतला, अपवाद नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तसाच आहे, बायको अठरा वर्षांच्या वर असेल तर नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागत नाही. ११ मे २०२२ ला दिल्ली हायकोर्टात या अपवादावर दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मला हे अन्यायाचं वाटतं, अगदी मनापासून. पण चौकीत कुणी ‘नवरा-बायकोत कसला गुन्हा’ म्हणून तुला परत पाठवू नये म्हणून आधीच सांगतेय.

कारण दुसरा रस्ता आहे आणि तो तुझ्यासाठी उघडा आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा. त्यात मारहाण हा फक्त एक प्रकार आहे, लैंगिक छळ, शिव्या-अपमान-धमक्या आणि पैशाची कोंडी हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ती रात्र पण आली आणि ते एटीएम कार्ड पण आलं. अंगावर वळ असायलाच पाहिजे अशी अट नाही. शिवाय क्रूरतेचं कलम, जे सगळे ४९८अ म्हणून ओळखतात ते आता न्याय संहितेत ८५ आहे, त्यात मानसिक छळ पण येतो, पण तो फौजदारी मामला, त्याचं वकिलाशी बोलून ठरव, घाई नको.

आणि सिरीज बघून कोर्टाची जी धडकी भरली असेल ती जरा बाजूला ठेव. तिथे अनू आरोपीच्या पिंजऱ्यात होती, इथे तू अर्जदार असशील. भरल्या कोर्टात सगळ्यांसमोर बेडरूममधलं सांगावं लागेल असं वाटत असेल तर याच कायद्याच्या कलम १६ खाली बंद दाराआड सुनावणी मागता येते. तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकाल असं कायद्यात म्हटलंय, प्रत्यक्षात लांबतं, खोटी आशा लावत नाही, पण तोवर अंतरिम आदेश मागता येतो की याने त्रास द्यायचा नाही, घराबाहेर काढायचं नाही, मुलगी तात्पुरती हिच्या ताब्यात राहील. असा संरक्षण आदेश त्याने मोडला तर तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

फ्लॅट सासूबाईंच्या नावावर म्हणून तू बेघर होत नाहीस. नांदत्या घरात राहायचा हक्क मालकी कुणाची यावर अवलंबून नाही, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलंय की सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरसुद्धा यात येऊ शकतं.

आईवर रागावू नकोस. तिच्या पिढीला कुणी विचारलंच नाही. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या दर दहा बायकांमागे जवळपास तिघींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलंय. म्हणजे ‘चालायचंच’ हे आई खरंच बोलतेय, चालतंच आलंय. म्हणून तू चालवून घ्यावं असं कुठे आहे?

त्याच्याशी बोलायचं का? माझं स्पष्ट मत, आत्ता नको. जो माणूस रोज फोन तपासतो त्याला आधी कल्पना दिली तर तो काय करेल हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. सोसायटीतल्या कुणा मोठ्यांना मध्ये घालून समजुतीची बैठक पण आत्ता नको, तिथे तो गोड बोलेल आणि समजूत तुझीच घातली जाईल.

आता सुरीचं. मनात ते आलं म्हणून तू वाईट बाई झाली नाहीस, गळ्यापर्यंत आलंय म्हणून ते आलं. पण त्याला हलक्यात घेऊ नकोस, कारण अनूची गोष्ट सुरू होते तिथेच तिच्या हातातलं सगळं संपलेलं असतं, आणि तुझ्या हातात अजून खूप आहे. परत तसं वाटलं तर ओट्यावरून बाजूला हो, मुलीला घेऊन खाली उतर, मैत्रिणीकडे जा. महिला हेल्पलाइन १८१ ला फोन कर, जीवाला धोका वाटला तर ११२ ला, पोलिसांची मदत मिळते. आणि आतून फार भरून आलं, स्वतःलाच काही करून घ्यावंसं वाटलं तर टेलीमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

कागद हळूहळू गोळा कर. आधार, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, पगाराच्या स्लिपा, दागिन्यांच्या पावत्या असतील तर त्या, सगळ्याच्या झेरॉक्स घराबाहेर ठेव, तू पत्र ज्या मैत्रिणीच्या फोनवरून पाठवलंस तिच्याकडेच. काय झालं, कधी झालं हे तारखेनिशी लिहून ठेव, पण घरच्या फोनवर नाही. दुखापत असेल तर सरकारी दवाखान्यात दाखव आणि कारण खरं सांग, पडले म्हणू नकोस, ती नोंद पुढे कामाला येते. पगाराचं खातं लगेच बदलू नकोस, त्याच्या लक्षात येईल, ते वकिलाला विचारून कर.

वकिलाच्या फीची काळजी करू नकोस, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिचा पगार कितीही असो. जायचं कुठे तर याच कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी, किंवा सखी वन स्टॉप सेंटर हे सरकारी मदत केंद्र, किंवा पोलिसांच्या आवारातला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष. हा कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केला, आता राज्यात बऱ्याच ठिकाणी आहे, तिथे समाजकार्य शिकलेल्या बायका बसतात, त्या पोलीस नसतात, आणि गेलं म्हणजे केस केलीच पाहिजे असं अजिबात नाही. तुझ्या जवळचं कुठलं ते १८१ वर विचार. शाळेच्या वेळेतच जा म्हणजे घरी कारण द्यायला नको, मैत्रिणीला सोबत ने, आणि पहिल्या दिवशी रात्रीचं तोंडातून नाहीच निघालं तर एटीएम कार्डापासून सुरुवात कर, बाकीचं पुढच्या भेटीत सांगितलंस तरी चालतं.