क्रम लावताना शेवटचं नाव आधी लिहा

दादा, तुमचा प्रश्न मला असा समजला. तालुक्याच्या गावात तुम्ही दहा-अकरा जण दोन वर्षं दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमता, एकमेकांना कविता वाचून दाखवता. आता वाचनालयाच्या सभागृहात पहिलं जाहीर काव्यवाचन करायचं ठरतंय. कवी किती घ्यावेत, ऐकायला माणसं कशी येतील, एक ज्येष्ठ सदस्य कविता गातात आणि लांबवतात त्यांचं काय करावं, आणि मंचावर यायला घाबरणाऱ्या एका ताईंना कसं आणावं, असं तुम्ही विचारलंय. जळगावात आमचा असाच एक गट आहे आणि गेली चौदा वर्षं जाहीर वाचनाची आखणी बहुतेक वेळा माझ्याकडे येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आमच्या पहिल्या कार्यक्रमाबद्दल. गटात कधीही येऊन गेलेल्या प्रत्येकाला आम्ही बोलावलं, कुणाला दुखवायचं नव्हतं. एकोणीस कवी झाले. वेळ सहाची. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचे आणि देणगीदारांचे सत्कार, शाल-श्रीफळ, मग अध्यक्षांना लवकर जायचं होतं म्हणून त्यांचं मनोगतही आधीच. पहिली कविता सात वाजून दहा मिनिटांनी आली. प्रत्येकाला दोन कविता सांगितल्या होत्या, बऱ्याच जणांनी तीन वाचल्या, वर चारोळ्या. आणि ज्याचं वाचून झालं तो घरच्यांना घेऊन निघायचा, म्हणजे एका कवीबरोबर चार खुर्च्या रिकाम्या व्हायच्या.

शेवटचं नाव होतं एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, काम करणाऱ्या गृहस्थांचं. ते नवीन होते, कुणाच्या ओळखीचे नव्हते, म्हणून आम्ही त्यांना शेवटी टाकलं होतं. त्यांची पाळी आली तेव्हा साडेनऊ होत आले होते. सभागृहात सात माणसं उरलेली, आणि मागे मंडपवाल्याची मुलं खुर्च्या एकावर एक रचत होती. त्यांनी दोनऐवजी एकच अहिराणी कविता वाचली, वही पिशवीत ठेवली आणि शेवटची एसटी गाठायला निघून गेले. त्या संध्याकाळची सगळ्यात चांगली कविता तीच होती. ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. त्यांचा पत्ताही आम्ही घेऊन ठेवला नव्हता.

तेव्हापासून यादी करायला बसले की मी शेवटचं नाव आधी लिहिते. शेवटच्या कवीला पहिल्याइतकेच कान मिळाले पाहिजेत. तुम्ही विचारलेल्या निम्म्याअधिक गोष्टी एवढ्या एका अटीवर ठरतात. शेवटी असा कवी हवा ज्याच्यासाठी लोक थांबतील आणि थांबल्याचं सार्थक होईल. नव्या माणसाची जागा दुसरी किंवा तिसरी. पहिली नको, कारण तोवर माणसं आत येत असतात, चपलांचा आणि खुर्च्यांचा आवाज चालू असतो. पहिला कवी सभागृह शांत करू शकणारा, खणखणीत आवाजाचा घ्या.

आता संख्या. आठ कवी, त्याहून एकही जास्त नाही. हिशेब असा: वीस-बावीस ओळींची कविता सावकाश वाचली तर दीड ते दोन मिनिटं लागतात. प्रत्येकी सात मिनिटं दिली तर तीन कविता होतात आणि दोन कवितांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा राहते. त्यात निवेदनाचं एक मिनिट धरा. आठ गुणिले आठ, चौसष्ट मिनिटं. सुरुवातीची पाच, मध्यंतराची दहा, आणि दहाएक मिनिटं इकडेतिकडे जाणारच. दीड तास झाला. दीड तासापलीकडे कविता ऐकणारा कान थकतो, हे मी वर्षानुवर्षं समोरच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे. उरलेल्या दोघातिघांना सूत्रसंचालन, दार आणि माईक सांभाळायला द्या, आणि पुढच्या वाचनात पहिली नावं त्यांचीच असतील हे आजच गटात सगळ्यांसमोर ठरवून टाका. एकदा शब्द दिला की रुसवे राहत नाहीत. आमच्याकडे तरी राहिले नाहीत.

कमी कवींनी कार्यक्रम रिकामा वाटेल अशी भीती मनात असेल तर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर आठवा. या तिघांनी मिळून वर्षानुवर्षं महाराष्ट्रभर आणि परदेशातही काव्यवाचनं केली. मंचावर फक्त तीन माणसं, आणि संध्याकाळ भरलेली. तिघांच्या प्रकृती वेगळ्या होत्या, हे त्यातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. क्रम लावताना हाच विचार करा. दोन आईवरच्या कविता पाठोपाठ नकोत, दोन शेतकरी आत्महत्येवरच्या तर मुळीच नकोत, कारण दुसऱ्या कवितेचं दुःख लोकांना पुनरुक्ती वाटायला लागतं आणि तो त्या कवितेवर अन्याय असतो. मुक्तछंदानंतर गझल, प्रमाण मराठीनंतर बोली, असं फिरवत राहा. आणि कवयित्रींचं वेगळं सत्र काढू नका. त्यांची नावं यादीत जिथे शोभतील तिथे घाला.

सत्कार पूर्ण काढून टाका. इथे वाद होईल, ज्यांनी माईकचा खर्च दिला ते नाराज होतील असं कुणी तरी म्हणेलच. त्यांची नावं दारावरच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा आणि सुरुवातीला एका वाक्यात आभार माना. देणगीदारांनी आमच्यावर कधी राग धरला नाही. उलट एका व्यापाऱ्यांनी सांगितलं की पहिल्यांदाच ते एका कार्यक्रमात शेवटपर्यंत बसले. दीप लावायचा असेल तर सभागृहातल्या सर्वात वयस्क श्रोत्याच्या हातून लावा, भाषणाशिवाय.

आठही जणांकडून एक गोष्ट आधी कबूल करून घ्या. कार्यक्रम संपेपर्यंत कुणी उठणार नाही. ज्याला लवकर जायचंय त्याने या वेळी वाचायचं नाही. आम्ही कवींना मंचावर बसवत नाही, पहिल्या दोन रांगांत बसवतो. पाळी आली की उठायचं, वाचायचं, परत आपल्या जागी. ऐकताना कवी एकमेकांच्या शेजारी असतात, दाद तिथून सुरू होते आणि मागे पसरत जाते. दाद ही सवयीची गोष्ट आहे. मुशायऱ्याला जाणाऱ्याला ती ठाऊक असते, आपल्याकडे लोक टाळ्यांसाठी शेवटाची वाट बघत बसतात. तुमच्या घरच्या बैठकीत आवडलेल्या ओळीला मोकळेपणी 'वा' म्हणायला आतापासून सुरुवात करा.

कविता निवडताना वहीवर जाऊ नका, कानावर जा. छापल्यावर सुरेख दिसणारी प्रत्येक कविता ऐकताना उभी राहतेच असं नाही. श्रोत्याला मागची ओळ पुन्हा बघता येत नाही. आम्ही आठवडाभर आधी घरी एक तालीम करतो. कवी वाचतो, बाकीचे कागद न बघता ऐकतात, आणि संपल्यावर काय राहिलं ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं. कुणालाच काही सांगता आलं नाही तर ती कविता या वेळी बाजूला ठेवायची. कवितेआधीची प्रस्तावना दोन वाक्यांत संपवा. अहिराणी किंवा लेवा गणबोली अशा खानदेशातल्या बोलीतली कविता असेल तर 'आंडोर' म्हणजे मुलगा एवढं आधी सांगितलं की पुरे, बाकीचं ऐकणारा लावून घेतो. आपल्या भागाला हे वेगळं सांगायची गरज नसावी. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांच्या कानावर पडल्या, मुलगा सोपानदेवांनी त्या टिपून ठेवल्या, आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ मध्ये. कागदाच्या आधी कान होता.

गाणाऱ्या काकांबद्दल तुम्ही थोडं वैतागून लिहिलंय असं मला वाटलं. कविता गाऊन म्हणण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. १९२३ साली पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळातल्या कवींनी काव्यगायन लोकप्रिय केलं, आणि ती गोडी लागलेल्या पिढीच्या मांडीवर बसून तुमचे काका कविता शिकले असतील. त्यांना थांबवू नका, जागा द्या. आमच्याकडे अशाच एका आजोबांना आम्ही मध्यंतराच्या अगदी आधी ठेवायचो, एक कविता गाऊन आणि एक वाचून. पहिली गायलेली ऐकून लोक खुलायचे, दुसरी ते इतकी संथ वाचायचे की सभागृहात पंख्याशिवाय आवाज नसायचा. वाचलेल्या कवितेला आपला आवाज पुरतो हे त्यांना सत्तरीत कळलं, आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला होता. वेळेचं मात्र आधी घरी जाऊन, शेजारी बसून, प्रेमाने सांगा. मंचावर चिठ्ठी पाठवू नका. ज्येष्ठ माणसाला चारचौघांत ती चिठ्ठी फार लागते.

घाबरणाऱ्या ताईंसाठी: आदल्या दिवशी संध्याकाळी सभागृह तासभर मागून घ्या आणि त्यांना रिकाम्या खुर्च्यांसमोर माईकवर वाचू द्या. माईकमधून येणारा स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की माणूस दचकतो. तो दचका आदल्या दिवशी संपून जाऊ दे. माईक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका ठेवला की 'प', 'फ', 'भ' फुटत नाहीत. कविता कागदावर मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच. मोबाइलवरून वाचू नये, पडदा विझतो, मध्येच फोन येतो आणि ओळ हरवते. उभं राहून पाय थरथरत असतील तर खुर्चीत बसून वाचलं तरी चालतं. त्यांना एकच कविता द्या, पण पूर्ण वेळ द्या.

एक गोष्ट सांगते, त्यांनाही सांगा. १९०७ साली जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरलं होतं. धरणगावचा ठोंबरे आडनावाचा एक पोरगा, विशीसुद्धा न गाठलेला, तिथे कविता म्हणायला उभा राहिला. अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर होते, त्यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. आज त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे नाव सांगितलं तर कित्येकांना चटकन ओळख पटत नाही, 'बालकवी' म्हटलं की पटते. ते नाव त्यांना एका जाहीर वाचनात मिळालं. ऐकणाऱ्यांनी दिलं. सभागृहाच्या दारात उभी राहून मी दर वेळी हे मनाशी म्हणते.

माणसं कशी येतील? व्हॉट्सॲपवरच्या पत्रिकेने येत नाहीत. प्रत्येक कवीने तीन घरी स्वतः जायचं, आणि त्यातलं किमान एक घर असं हवं जिथे कुणी कविता लिहीत नाही. आठ कवी, चोवीस घरं. पन्नासेक माणसं सहज होतात आणि पहिल्या वाचनाला तेवढी भरपूर आहेत. खुर्च्या चाळीसच मांडा, बाकीच्या बाजूला ठेवा, लागल्या तर आणा. पुढे बसलेली चाळीस माणसं आणि मागे पसरलेली चाळीस माणसं यांच्यासमोर वाचताना आवाज वेगळा लागतो. वाचनालयात रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या आजोबांना विसरू नका. आमचे सर्वात जुने श्रोते तिथूनच आले.

चित्रीकरण करणार असाल तर प्रत्येक कवीची परवानगी आधी घ्या. दिवाळी अंकाला 'अप्रकाशित' म्हणून पाठवायची कविता यूट्यूबवर गेली की कवीची पंचाईत होते. सुरुवातीला एखाद्या जुन्या कवीची कविता वाचणार असाल तर केशवसुत, बालकवी यांच्या कवितांना अडचण नाही, कारण कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. त्यानंतरच्या कवींसाठी मात्र चौकशी करावी.

तारीख २७ फेब्रुवारी धरू नका. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाला, त्याच संध्याकाळी कॉलेजात, शाळेत, नगरपालिकेत सगळीकडे कार्यक्रम असतात आणि श्रोते वाटले जातात. कोजागरी मोहक वाटते, गच्ची, मसाला दूध, पण बाहेरगावचे कवी रात्री अडकतात. एप्रिल-मे आपल्या खानदेशात विचारातच घेऊ नका, पंखे पूर्ण वेगाने लावावे लागतात आणि हळव्या कविता त्या आवाजात बुडतात. नोव्हेंबर ते जानेवारीतला एखादा शनिवार, संध्याकाळी साडेपाच. सातला संपेल, आणि गावाकडे जाणाऱ्या गाड्या मिळतील. तारीख पक्की करण्याआधी स्टँडवर जाऊन शेवटच्या एसटीची वेळ लिहून आणा, आणि तुमच्या शेवटच्या कवीचं गाव कुठलं आहे तेही बघा.

यादी झाली की इथेच टाका. प्रत्येकाच्या कवितांची पहिली ओळ सोबत दिलीत तर क्रम लावायला मी मदत करेन.