वाचक विचारतात : कपाशी, गुलाम आणि अमेरिकेची यादवी

मागच्या अंकातल्या लेखात खान्देशी कापसाला 1861 ते 1865 या काळात आलेल्या तेजीचा उल्लेख होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे ती तेजी आली, एवढंच त्यात म्हटलं होतं. ती यादवी मुळात पेटली कशावरून, असं बऱ्याच पत्रांत विचारलं आहे. त्यांतली काही पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : सरकी काढणारं यंत्र, म्हणजे जिन, आल्यावर मजूर कमी लागायला हवेत. अमेरिकेत गुलाम उलट वाढले, ते कसे? (शेतकरी, पारोळा)

कापसाच्या कामात खोळंबा नेमका कुठे होतो, ते तुम्हाला सांगायला नको. अमेरिकेच्या आतल्या भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कपाशीत सरकी रुईला घट्ट धरून असते. हाताने एक माणूस दिवसभरात जेमतेम अर्धा किलो रुई मोकळी करायचा, त्यामुळे ते पीक परवडतच नव्हतं. 1793 मध्ये ईलाय व्हिटनीने लाकडी रुळावर तारेचे दात बसवलेलं यंत्र केलं. दात रुई अरुंद फटींतून ओढून घेतात, सरकी फटीत मावत नाही म्हणून अलीकडेच राहते आणि मागचा फिरता ब्रश दातांवरची रुई झाडून घेतो. दिवसाचं काम वीस-बावीस किलोंवर गेलं.

पण निंदणी आणि वेचणी हातानेच राहिली. सरकी काढण्यातला खोळंबा गेला, तो शेतात येऊन बसला. जितकी जमीन कपाशीखाली, तितके वेचणारे हात हवेत. 1790 मध्ये तिथे सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 च्या जनगणनेत साडेएकोणचाळीस लाख. 1808 पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी होती, म्हणून व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतली माणसं विकत घेऊन अलाबामा, मिसिसिपीकडे नेली जात. या विक्रीत कुटुंबं सर्रास फुटत. जमिनीचा कस गेला की मळेवाले आणखी पश्चिमेला सरकत, आणि भांडणाचं मूळ याच सरकण्यात आहे.

प्रश्न : गुलामगिरी तर देश स्थापन झाल्यापासून होती. मग युद्ध 1861 मध्येच का? (शिक्षिका, अमळनेर)

कारण राजकारणातला मुख्य वाद दक्षिणेतली गुलामगिरी मोडायची का, हा नव्हताच. पश्चिमेच्या नव्या मुलखात तिला शिरू द्यायचं का, यावर तो होता. तिथल्या संसदेची दोन सभागृहं. पैकी प्रतिनिधीगृहात जागा लोकसंख्येनुसार ठरत. 1787 च्या राज्यघटनेप्रमाणे त्यासाठी पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब धरला जाई. तरीही उत्तरेची लोकसंख्या वेगाने पुढे गेली. दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो की मोठं, जागा दोनच. म्हणून दक्षिणेचा सगळा जीव सिनेटमध्ये.

1819 च्या अखेरीस गुलामगिरी असलेली (गुलामराज्यं) आणि नसलेली (मुक्त राज्यं) 11-11 होती. मिसुरीला गुलामराज्य म्हणून घ्यायचं ठरताच तोल जाणार होता. 1820 मध्ये तोड निघाली : मिसुरी गुलामराज्य, जोडीला मेन मुक्त राज्य, आणि फ्रान्सकडून विकत घेतलेल्या मुलखात, मिसुरी वगळता, 36 अंश 30 मिनिटं या अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. ही रेघ 34 वर्षं टिकली. मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर 1848 मध्ये पश्चिमेचा अफाट मुलूख हाती आला. त्याला ती रेघ लागू नव्हती. 1850 मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आलं आणि तोल 16-15 झाला.

1854 मध्ये सिनेटर स्टीफन डग्लस यांच्या कायद्याने रेघ पुसली आणि कॅन्सस व नेब्रास्का इथल्या रहिवाशांनीच मतांनी ठरवावं असं म्हटलं. ऐकायला किती रास्त! पण रहिवासी कोणाला म्हणायचं, हे कोणी धड तपासलंच नाही. मार्च 1855 मध्ये कॅन्ससच्या निवडणुकीत पात्र मतदार सुमारे 2,900 आणि पडलेली मतं 6,000 हून जास्त, कारण मिसुरीतली माणसं हत्यारांसह सीमा ओलांडून मतं टाकून गेली. पुढे तिथे दोन सरकारं उभी राहिली आणि खून पडू लागले.

शेवटची वाट न्यायालयाने बंद केली. ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी केलेल्या दाव्याच्या 1857 च्या निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी म्हटलं की अशा मुलखांत गुलामगिरीवर बंदी घालायचा अधिकार संसदेलाच नाही. अशी बंदी हाच तर नव्या रिपब्लिकन पक्षाचा मुख्य मुद्दा. तडजोड करायची म्हटली तरी कशावर?

प्रश्न : खरं कारण जकात आणि राज्यांचे हक्क होते, असं वाचलं. खरं का? (वाचक, धुळे)

नाही. जकातीवरून साउथ कॅरोलिनाने 1832 मध्ये बंडाची भाषा केली होती, पण ते प्रकरण पुढच्याच वर्षी मिटलं. 1857 मध्ये दर उलट खाली आले. जकात वाढवणारा कायदा मार्च 1861 चा, म्हणजे दक्षिणेतली सात राज्यं देशातून फुटल्यानंतरचा.

राज्यांच्या हक्कांचं म्हणाल, तर पळालेल्या गुलामांना पकडण्याचा केंद्राचा 1850 चा कायदा वाचा. तो दक्षिणेनेच मागून घेतला होता. पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही, स्वतःची साक्ष देता येत नाही. आयुक्ताने त्याला मालकाकडे धाडलं तर फी 10 डॉलर, सोडलं तर 5. आसरा देणाऱ्याला 1,000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. उत्तरेतल्या काही राज्यांनी स्वतःचे कायदे करून याला आडकाठी केली, तर डिसेंबर 1860 मध्ये फुटून निघताना साउथ कॅरोलिनाने काढलेल्या जाहीरनाम्यात हीच मोठी तक्रार! हक्क उत्तरेच्या राज्यांनी वापरले की ते यांना चालत नव्हते.

प्रश्न : लिंकन निवडून येताच गुलामगिरी बंद करणार होते का? (विद्यार्थी, चोपडा)

नाही. जिथे आहे तिथे हात लावणार नाही, पण पुढे पसरू देणार नाही, एवढंच ते म्हणत होते. रिपब्लिकन पक्षातर्फे लढताना 1860 च्या चौरंगी लढतीत त्यांना लोकांची 40 टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, आणि राज्यवार ठरणारी, राष्ट्राध्यक्ष निवडणारी निर्वाचक मतं 303 पैकी 180. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाही नव्हती. आपल्याशिवायही राष्ट्राध्यक्ष निवडून येतो, हे दक्षिणेला कळलं. 20 डिसेंबर 1860 ला साउथ कॅरोलिना देशातून बाहेर पडलं. फेब्रुवारीपर्यंत फुटलेली राज्यं सात झाली. 12 एप्रिल 1861 ला साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट सम्टर या केंद्राच्या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुटल्यावर आणखी चार गेली.

प्रश्न : मग आपल्याकडे कापसाचे भाव लगेच का नाही चढले? (व्यापारी, जळगाव)

इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस दक्षिणेतून जाई, पण 1861 मध्ये तिथली गोदामं भरलेली होती. खरी चणचण 1862 मध्ये जाणवली. एकीकडे उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी होती. दुसरीकडे इंग्लंडला झुकवायला दक्षिणेने आपणहून माल अडवला होता. तोवर इंग्लंडने मोहरा मुंबईकडे वळवला. भाव चढताच मालात भेसळही वाढली, म्हणून मुंबई सरकारला 1863 मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आल्यावर भाव कोसळले आणि मुंबईतला शेअर्सचा फुगाही फुटला.