झोपेत दात खाण्यावर तयार गार्ड चालेल की डेंटिस्टकडूनच करून घ्यावा?

तुमचे मिस्टर रात्री कराकरा दात खातात, आणि गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा तयार गार्ड चालेल का, असं विचारलंय. नका घेऊ. त्यापायी माझी एक दाढ तुटली.

लहानपणी माझ्या दात खाण्याला जंत म्हणायचे, मोठी झाल्यावर स्वभाव. "दिवसभर दात-ओठ खाते, मग रात्री कशी थांबेल?" हे ताईचं ठरलेलं वाक्य. त्या रागात (हो, रागातच) डॉक्टरकडे न जाता तयार गार्ड आणला. रबरासारखं काही तोंडात आलं की जबड्याला चघळायची हुक्कीच येते. सगळ्यांचं तसं होत नाही, माझं झालं. दोन महिन्यांत गार्डला उजवीकडे आरपार भोक. सकाळी कानशिलं ठणकायची. आणि एक दिवस केळं खाताना, चक्क केळं, दाढेचा टवका उडाला. चीर पार आतल्या नसेपर्यंत गेलेली. रूट कॅनाल, वर कॅप.

मग माप देऊन कडक अ‍ॅक्रिलिकचा करून घेतला. खरं काम तो बसवताना असतं. निळा कागद दातांत धरून "चावा, आता घासा", ठिपका उमटेल तिथे मशीन फिरवायचं, सगळे दात एकदम टेकेपर्यंत. तयार गार्डला हे कोण करणार? पहिले काही दिवस लाळ गळते. गरम पाण्याने धुऊ नका, वाकतो.

दात खाणं मात्र थांबलं नाही. गार्ड ते थांबवत नाही, दातांऐवजी स्वतः झिजतो. आठवडाभर एकटीच निवांत राहून आले आणि गार्ड ताईसमोर उजेडात धरला. नव्या रेघा! भांडायला तिथे होतं कोण? ताई म्हणाली, "रेघा जुन्या असतील." झोपेत मेंदू मधूनच क्षणभर जागसर होतो, ठोके वाढतात, त्यात जबडा आवळला जातो. ताणाने वाढतं, कॉफी, सिगारेट, दारूनेही वाढतं. पण ताण म्हणजे राग नव्हे. ताई म्हणाली, "रेघा जुन्या असतील." तेव्हा मिस्टरांना कशाचा राग आहे हे विचारत बसू नका.

हां, ते घोरत असतील, श्वास अडकून दचकून उठत असतील, तर गार्डच्या आधी झोपेची तपासणी करा. स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) असेल तर साध्या गार्डने काहींचा त्रास वाढू शकतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात खाणं सुरू होतं. तसं वाटलं तर गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.