सी प्रोग्रॅममध्ये लिबकर्लच्या (नेटवर्कवरून फाइली आणणाऱ्या लायब्ररीच्या) चाळीसेक ट्रान्सफर एकदम चालवताना काही सुरूच होत नाहीत, काही मध्येच लटकतात. थ्रेड वापरू का?

थ्रेड नकोत. थ्रेडने हे दुखणं जाणार नाही, उलट शोधायला अवघड होईल.

तुम्ही लिहिलंय त्यावरून: मालवणात बसून किनाऱ्यावरच्या डेटा लॉगरच्या फाइली ओढता, सॉकेटांवर (नेटवर्क कनेक्शनच्या टोकांवर) लक्ष ठेवायला आधी सिलेक्ट होतं, आता लिनक्सचं ईपोल, आणि वेळ मोजायला टायमरएफडी लावलंय. सॉकेट कॉलबॅक (सॉकेटबद्दल सांगायला लिबकर्ल बोलवतं ते तुमचं फंक्शन) बरोबर चालतो. तरी काही ट्रान्सफर हलतच नाहीत, आणि पाऊस लागला की चालू असलेल्या गप्प होतात, एररसुद्धा न देता. मी रत्नागिरीत बर्फ कारखान्यांच्या तापमानाच्या नोंदी गोळा करणारा असाच प्रोग्रॅम सांभाळतो, त्यामुळे लक्षणं ओळखीची आहेत. दोन्हींचं मूळ मला टायमरमध्ये दिसतं.

लिबकर्लचा इव्हेंटवाला मार्ग दोन कॉलबॅकवर चालतो. सॉकेट कॉलबॅक सांगतो, या सॉकेटवर वाचण्यासाठी, लिहिण्यासाठी की दोन्हींसाठी लक्ष ठेवा, किंवा आता सोडून द्या. टायमर कॉलबॅक सांगतो, इतक्या मिलिसेकंदांनी मला परत बोलवा. पहिला सगळेजण मन लावून लिहितात, दुसरा उरकून टाकतात. पण एसटी स्टँडवर गाडी लागली की दिसते. रद्द झाली तर घड्याळाकडे बघूनच ओळखावं लागतं. सॉकेटवर काही घडलं तर ईपोल सांगेल. काहीच घडलं नाही, हे ईपोल कधीच सांगणार नाही.

आधी न सुरू होणाऱ्या ट्रान्सफर बघू. कर्ल_मल्टी_ॲड_हँडलने नवी ट्रान्सफर जोडली की लिबकर्ल टायमर कॉलबॅकला ० देतं. अर्थ: लगेच बोलवा. तुम्ही तो ० तसाच टायमरएफडी_सेटटाइमला दिला असणार. तिथे आयटी_व्हॅल्यूमधले सेकंद आणि नॅनोसेकंद दोन्ही शून्य असले की टायमर लगेच वाजत नाही, बंद पडतो! लिबकर्ल म्हणतंय ‘आत्ता’, कर्नल (लिनक्सचा गाभा) ऐकतंय ‘कधीच नको’. म्हणून ० आला की १ नॅनोसेकंद द्या. उणे १ आला तर मात्र टायमर खरंच काढायचा असतो, तेव्हा दोन्ही शून्य बरोबर. टायमर वाजला की टायमरएफडीतून ८ बाइट वाचून टाका, नाहीतर ईपोल तीच घटना पुन्हा पुन्हा देत बसेल आणि सीपीयू १०० टक्क्यांवर जाईल. मग हे:

कर्ल_मल्टी_सॉकेट_ॲक्शन(मल्टी, कर्ल_सॉकेट_टाइमआउट, ०, &चालू);

० आला म्हणून ही ओळ टायमर कॉलबॅकच्या आतूनच बोलवायचा मोह होतो. नको. कॉलबॅकमधून लिबकर्ल, लिबकर्लमधून पुन्हा कॉलबॅक अशी साखळी लागते.

आता पावसाचं. टॉवरची वीज गेली, बॅटरीही उतरली, की पलीकडून कनेक्शन बंद झाल्याचा निरोप, म्हणजे फिन किंवा आरएसटी, येतच नाही. तुमची बाजू फक्त वाचत असते, पाठवायला काही नसतं, त्यामुळे कर्नललाही कनेक्शन मेल्याचं कळायला मार्ग नाही. टीसीपी कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शन जिवंत आहे का ते चाचपणं) सॉकेटवर मुळात बंद असतो, आणि वेळ न ठरवता नुसता चालू केला तर लिनक्स पहिली चाचपणी ७२०० सेकंदांनी करतं. लिबकर्लमध्ये कनेक्ट टाइमआउट ३०० सेकंदांचा असतो, पण एकूण ट्रान्सफरवर आपोआप कसलीच मर्यादा नसते. ती आपणच घालायची. एकूण वेळेची मर्यादा मला आपल्याकडे आवडत नाही, कारण संथ पण जिवंत लाइनही ती मारून टाकते. त्यापेक्षा लो_स्पीड_लिमिट १०० बाइट आणि लो_स्पीड_टाइम ३० सेकंद ठेवा: सलग तीस सेकंद सेकंदाला शंभर बाइटही आले नाहीत तर सोडून द्यायचं. ही तपासणीही टायमरच्याच जिवावर चालते, म्हणून वरची दुरुस्ती आधी.

ईपोल एज-ट्रिगर्ड (नवा डेटा आला तेव्हाच एकदा सांगणारा) ठेवला असेल तर तेही काढा. सॉकेट पूर्ण रिकामं होईपर्यंत लिबकर्ल वाचेलच याची खात्री नाही, आणि उरलेल्या डेटासाठी नवी घटना येत नाही.

आणखी एक, कारण हे तुम्हाला आज नाही तर उद्या चावेल. ईपोल_वेट एका फेरीत अनेक घटना देतं. पहिली हाताळताना लिबकर्लने दुसरं एखादं सॉकेट सोडलं आणि तुम्ही त्याचं स्ट्रक्चर फ्री केलंत, तर त्याच फेरीतली पुढची घटना मेलेला पॉइंटर हातात देते. ईपोलच्या डेटामध्ये पॉइंटर न ठेवता एफडीचा, म्हणजे सॉकेटचा, नंबर ठेवा. न ओळखीचा नंबर आला तर लिबकर्ल त्याकडे दुर्लक्ष करतं.

डीएनएसही (नावावरून पत्ता शोधणं) बघून घ्या. कर्ल -व्ही (मोठा V) च्या यादीत असिंकडीएनएस (इतर कामं न थांबवता नाव शोधणं) नसेल तर एका नावाच्या शोधापायी सगळ्या ट्रान्सफर थांबतील.

खरं सांगायचं तर चाळीससाठी हा खटाटोप लागतच नाही. लिबकर्ल ७.६६.० पासून कर्ल_मल्टी_पोल आहे. ते आणि कर्ल_मल्टी_परफॉर्म एका लूपमध्ये टाकलं की टायमरचंही तेच बघतं, आणि सिलेक्टची १०२४ च्या पुढचे सॉकेट नंबर न चालण्याची अडचणही नाही. शेकडो कनेक्शन असतील किंवा प्रोग्रॅममध्ये आधीच इव्हेंट लूप असेल, तरच ईपोलवर राहा.

तपासायला पावसाची वाट बघू नका. मोठी फाइल उतरत असताना आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) इनपुटमध्ये त्या सर्व्हरच्या पत्त्यावरून येणाऱ्या सगळ्यावर ड्रॉप लावा. साधारण अर्ध्या मिनिटाने कर्ल_मल्टी_इन्फो_रीडमधून २८ नंबरची (वेळ संपल्याची) एरर आली तर काम झालं. नाही आली तर टायमर कॉलबॅक इथे चिकटवा, बघतो.