ब्रसेल्सच्या टाउन हॉलचा मनोरा मधोमध का नाही?
चूक लक्षात आल्यावर वास्तुविशारदाने मनोऱ्यावरून उडी मारली, ही निव्वळ दंतकथा. मुळात ही इमारत एका आराखड्यातून उभी राहिलेलीच नाही. डावी बाजू १४०२ मध्ये सुरू झाली. उजवी १४४४ नंतरची, आणि शेजारच्या रस्त्यामुळे ती आखूड ठेवावी लागली. ९६ मीटरचा आजचा घंटामनोरा यान व्हान राउसब्रुकने १४४९ ते १४५५ मध्ये जुन्या, बुटक्या मनोऱ्याच्या जागी बांधला. चौकात उभं राहून खालची कमान नीट बघा: तीही मनोऱ्याच्या मध्यरेषेवर नाही. १६९५ च्या फ्रेंच तोफमाऱ्यात आतलं जळालं, पण दगडी भिंती आणि मनोरा तगले; मला तेच खरं नवल वाटतं. शिखरावर आता संत मायकेलची प्रतिकृती आहे. मूळ सोनेरी पुतळा समोरच्याच शहर संग्रहालयात जवळून पाहता येतो.